टिलीला कोण धरणार

शुक्रवारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. एका फेरीत बायकांचे सामने, पुढच्या फेरीत पुरुषांचे, मग पुन्हा बायकांचे. त्यामुळे जोलीन बर्फावर असली की कर्टिस टिलीला मांडीवर घेऊन प्रेक्षकांत बसायचा, आणि कर्टिस खाली उतरला की जोलीन बसायची. मधल्या वेळात, कपडे बदलायच्या खोल्यांबाहेरच्या बोळात, पोरीची अदलाबदल व्हायची.

"दूध झालंय, ढेकर आली नाही."

"लंगोट?"

"आत्ताच बदललाय. बर्फाची डावीकडची कड दगड जरा ओढतेय हं, जपून टाक."

एवढं बोलून एक वर जायचा, दुसरी खाली. आठ महिन्यांची टिली या खांद्यावरून त्या खांद्यावर जाताना साधं कुरकुरतही नसे. एल्डरमेरच्या स्पर्धेला देशभरातले आणि समुद्रापलीकडचेही नावाजलेले संघ आले होते, पण बोळातला हा सोहळा बघायला सगळे थांबायचे. नवरा-बायको दोघंही व्यावसायिक संघांचे स्किप, म्हणजे कप्तान, आणि दोघंही एकाच स्पर्धेत, असं तसं नवीन नव्हतं. सोबत पोर घेऊन आलेले मात्र हे पहिलेच.

कर्लिंग हा खेळ लांबून सोपा दिसतो. वीसेक किलोचा दगड बर्फाच्या लांब पट्टीवर सरकवत सोडायचा. पट्टीच्या त्या टोकाला रंगीत वर्तुळं आखलेली असतात, त्यांना घर म्हणतात. त्या घराच्या मध्याला ज्याचा दगड सगळ्यात जवळ, त्याचा डाव. दगड कमी पडतोय असं वाटलं तर दोघी जणी झाडू घेऊन त्याच्यापुढे बर्फ घासत धावतात. घासलं की दगड लांब जातो. कधी घासायचं आणि कधी झाडू वर उचलायचे, हे पलीकडच्या टोकाला उभी असलेली बाई ओरडून सांगते. तिचा घसा बसला की निम्मा सामना गेला म्हणून समजा.

जोलीनचा घसा चांगला होता. बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी.

टिलीच्या वेळी ती वर्षभर खेळापासून लांब होती. तेवढ्या काळात तिच्या संघाची धुरा नोरिनने सांभाळली, आणि चांगली सांभाळली. नोरिन ही तिची शाळेपासूनची मैत्रीण, संघातली दोन नंबरची खेळाडू. जोलीन परत आली तेव्हा नोरिनने काही न बोलता कप्तानपद परत दिलं, फक्त एवढंच म्हणाली, "जपून वापर. मी घासूनपुसून ठेवलंय." हसत म्हणाली खरी, पण जोलीनला ते दिवसभर सलत राहिलं. परत आल्यापासून तिचे शेवटचे दगड कधी हातभर कमी पडत, कधी घर ओलांडून मागे जात. कुणी काही बोलत नव्हतं. कुणी काही बोलत नाही याचाच तिला जास्त त्रास होत होता.

बोलली ती एकटी पेट्रा सॉवचुक. तीसुद्धा रेडिओवर.

पेट्रा म्हणजे या भागातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कडक स्किप. चाळिशी ओलांडलेली, उंच, सरळ पाठीची, हसली तर हिशेब चुकेल अशा चेहऱ्याची. तिचा आवाज धान्याच्या कोठारातून यावा तसा घोगरा आणि जाड होता. चार पट्ट्या सोडून पलीकडे खेळणाऱ्यालाही तो ऐकू जायचा. स्पर्धेच्या आधी रेडिओवाल्याने तिला विचारलं, जोलीन परत आलीय, काय वाटतं? पेट्रा म्हणाली, "हात होते तसेच आहेत. मन घरी राहिलंय."

कर्टिसने गाडीत ते ऐकलं तेव्हा तो म्हणाला, "मग बरोबरच आहे की. मन काय, दगड काय, घरातच थांबायला पाहिजे."

जोलीन हसली नाही.

"अगं, ती सगळ्यांनाच बोलते. मला म्हणाली होती, तुझी टाकण्याची पद्धत म्हणजे बर्फावर घसरलेला रेडा."

"तू घसरलेल्या रेड्यासारखाच टाकतोस."

"तेच म्हणतोय. ती खरं बोलते," कर्टिस बोलून गेला, आणि मग त्याने घाईने रेडिओ बंद केला.

आणि शुक्रवारी संध्याकाळी उपांत्यपूर्व फेरीत नेमकी पेट्राशीच गाठ पडली. सामना शेवटपर्यंत ताणला गेला. शेवटी जोलीनचा एक दगड दुसऱ्या दगडाला हलकेच चाटून जिथे जायला नको होता तिथे गेला, आणि तिथेच जाण्याने ती जिंकली. ते कौशल्य नव्हतं हे तिला माहीत होतं, नोरिनला माहीत होतं आणि पेट्रालाही माहीत होतं.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पेय पाजायचं आणि एका टेबलाभोवती बसायचं, ही या खेळातली रीत. कितीही कडू हार असली तरी त्यातून सुटका नाही. पेट्राने आल्याचं सरबत मागवलं, अर्धा पेला रिकामा केला, मग म्हणाली, "अभिनंदन. पाचव्या डावात घाबरली होतीस."

"हो," जोलीन म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

"शेवटच्यातही."

"तेही खरं."

पेट्राने मान डोलावली, पेला संपवला आणि उठून गेली. नोरिन तिच्या पाठीकडे बघत म्हणाली, "हिचा वाढदिवस असतो तेव्हा केकसुद्धा घाबरत असेल."

शनिवारी पहाटेपासून वारा सुटला. माळावरचा भुसभुशीत बर्फ उडून रस्त्यावर धावायला लागला, आणि सकाळी पोलिसांनी महामार्ग बंद केला. कर्टिसची आई आयरिस त्याच दिवशी शेतावरून निघणार होती, उपांत्य सामन्यांच्या वेळी नातीला सांभाळायला. तिचा फोन आला. "अरे, मी फाटकापर्यंत गेले होते. गाडीचं नाक दिसत नव्हतं मला. बेरीच्या दोन गोड पाई भाजून ठेवल्यात, त्यांचं काय करू?"

"खा," कर्टिस म्हणाला.

"दोन्ही?"

"आई, मी नंतर फोन करतो."

तरीही काही बिघडलं नव्हतं. बायकांचे उपांत्य सामने दुपारी होते, पुरुषांचे संध्याकाळी. बोळातली अदलाबदल अजून एकदा जमली असती. पण साडेअकराच्या सुमाराला कुठेतरी तारा तुटल्या आणि सगळ्या गावाची वीज गेली. बाहेर थंडी उणे तिशीच्या घरात, त्यामुळे बर्फ वितळायची भीती नव्हती. पण अंधारात दगड कोण टाकणार? वीज आली तोवर दुपार कलली होती. आयोजकांनी आणि टीव्हीवाल्यांनी डोकी एकत्र केली आणि जाहीर केलं: बायकांचे आणि पुरुषांचे चारही उपांत्य सामने एकदमच, संध्याकाळी पाचला.

जोलीन आणि कर्टिस बोळात समोरासमोर उभे राहिले. दोघांच्या अंगात खेळायचे जाकीट, दोघांच्या हातात झाडू, आणि मधे टिली.

"आता?" कर्टिस म्हणाला.

टिलीला घ्यायला माणसं कमी नव्हती. संघातल्या एकीची बहीण पुढे आली. टिलीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि भोंगा लावला. स्वयंपाकघरातल्या एक प्रेमळ आजी आल्या, तेव्हा तिने पाठीची कमान केली. स्पर्धेची अध्यक्षीणबाई स्वतः आली, पोरीला रमवायला हातात घंटा घेऊन. घंटा टिलीने फेकून दिली. या वयात पोरांना अनोळखी माणूस चालत नाही, आणि टिलीच्या मते आई-बाप सोडून सगळं जग अनोळखी होतं.

तेवढ्यात पेट्रा सॉवचुक बोळातून जायला निघाली. रस्ता बंद असल्यामुळे तीही गावात अडकून पडली होती. खांद्याला पिशवी, जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली. वाट अडलेली दिसली म्हणून ती थांबली. टिलीने रडता रडता मान वळवली, तिच्या चेनला लोंबणारा पितळी तुकडा पाहिला, हात लांब करून पकडला आणि सरळ तोंडात घातला. रडणं बंद.

पेट्रा खाली बघत होती, जणू कुणी तिच्या अंगावर मांजर ठेवलंय.

"हे स्वच्छ नाहीये," ती म्हणाली.

"तुम्ही..." जोलीनने सुरुवात केली. काल जिला हरवलं, जिने आपल्याबद्दल जगाला सांगितलं की हिचं मन घरी राहिलंय, तिलाच हे विचारायचं? पण घड्याळ पुढे सरकत होतं, आणि कर्टिस टिलीला पेट्राच्या हातांत देऊन, पोरीच्या पिशवीचा पट्टा तिच्या दुसऱ्या खांद्यावर अडकवूनही मोकळा झाला होता.

"बाटली कडेच्या कप्प्यात. फार रडली तर केळं," तो म्हणाला.

"मी काही होकार दिलेला नाही," पेट्रा म्हणाली.

"आभारी आहे," कर्टिस म्हणाला, आणि जोलीनचं कोपर धरून तिला बर्फाकडे घेऊन गेला.

जोलीनचा सामना स्वीडनच्या संघाशी होता, तिसऱ्या पट्टीवर. शेजारीच चौथ्या पट्टीवर कर्टिसचा, मॅनिटोबा प्रांताच्या संघाशी. पहिल्या दोन डावांत जोलीनचं लक्ष अर्धं बर्फावर, अर्धं वरच्या रांगांकडे. पेट्रा बरोबर मधोमध बसली होती, पाठ ताठ, टिलीला बक्षिसाचा चषक धरावा तशी दोन हातांत समोर धरून. जोलीनने वर पाहिलं की टिली तिला पाहायची आणि हात पसरून रडायला लागायची. मग जोलीनचा पुढचा दगड कमी पडायचा.

तिसऱ्या डावात नोरिन जवळ आली. "तू मला निशाणा दाखवतेयस की वरच्या रांगेला?"

"सॉरी."

"सॉरी नको. वर बघायचं असेल तर तिकीट काढून वर बस. मी चालवते."

ती रागाने बोलली नव्हती. पण त्यात थट्टाही नव्हती. दोघी आपापल्या टोकाला गेल्या. मध्यंतराला स्वीडन दोन गुणांनी पुढे होतं.

मध्यंतर पाच मिनिटांचं. जोलीन धावत बोळात आली, बाकावर बसली आणि टिलीला छातीशी घेतलं. पेट्रा समोर भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या जाकिटावर केळ्याचा एक लांबट डाग होता.

"ऐक," पेट्रा म्हणाली. "पोरगी मजेत आहे. तू वर बघतेस तेव्हाच फक्त रडते. तू बघतेस म्हणून ती रडते, आणि ती रडते म्हणून तू बघतेस. हे थांबवायला हवं."

"मला जमत नाहीये."

"तुला नाही जमणार. मी थांबवते. आम्ही खुर्च्यांच्या मागे जातो, सामान ठेवायच्या जागेत. तिथून तू दिसणार नाहीस, आम्ही दिसणार नाही."

"पण मग मला कसं कळणार ती..."

"नाही कळणार," पेट्रा म्हणाली. "मी धरलीय तिला. माझ्या हातून आजवर काही पडलेलं नाही."

तिची बोलायची रीत ही अशी होती. पण तिने टिलीला परत घेतलं तेव्हा चेनचा पितळी तुकडा आधी आपल्या बाहीला पुसला आणि मग तिच्या हातात दिला. जोलीनने ते पाहिलं.

पाचव्या डावात सवयीने एकदा तिची मान वर गेलीच. जागा रिकामी होती. आणि, नवलाची गोष्ट, तिला हलकं वाटलं. बघायला काही नव्हतंच. होता तो बर्फ, आणि पलीकडे झाडू टेकून उभी असलेली नोरिन. जोलीनने दगड हातात घेतला. तो कुठे जाणार हे तो सोडायच्या आधीच तिला कळलं. असं वर्षभरात झालं नव्हतं.

सातव्या डावाअखेर बरोबरी झाली. आठवा शेवटचा, आणि शेवटचा दगड जोलीनचा. स्वीडनचा एक दगड घराच्या मध्याला चिकटल्यासारखा बसला होता, समोर दोन दगड आडवे. त्यांच्या बाजूने वळवून, बरोबर मधे, त्या दगडाच्याही आत नेऊन थांबवायचा. हातभर कमी पडला तर हार, हातभर जास्त झाला तरी हार.

ती रबरी ठोकळ्यात पाय रोवून खाली बसली. सगळी इमारत गप्प झाली. हजारभर माणसं, कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि त्या शांततेत टिली जागी झाली.

टिली जन्मायच्या आधीपासून आरडाओरड्यात वाढलेली. पोटात असतानाही ती ऐकायची ते "घासा, घासा, सोडा, घासा". गोंगाटात ती गाढ झोपायची. जाग यायची ती सगळं शांत झालं की. हे तिच्या आई-बापांच्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण त्यांच्या घरी शांतता कधी नसायचीच. खुर्च्यांच्या मागून आधी एक कुरकुर आली, मग सणसणीत टाहो. जोलीनचा हात दगडाच्या मुठीवर तसाच राहिला.

पेट्राने काय काय करून पाहिलं असेल ते तिचं तिला माहीत. पण गेल्या तासाभरात तिला एक गोष्ट कळली होती: खालून ओरडणं आलं की पोरगी डोळे मिटते. आता खालून ओरडणं येत नव्हतं. तेव्हा पेट्राने ते स्वतःच केलं. चांगला पाऊण आवाज लावून.

"घासा! घासा गं, घासा, जोर लावून!"

कोठारातला तो आवाज पत्र्याच्या छपरावर आपटून चारही पट्ट्यांवर उतरला. टाहो जागच्या जागी थांबला.

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग वरच्या रांगेतून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि पाठोपाठ सगळी इमारत. स्वीडनची स्किप झाडूवर डोकं टेकून हसत होती. पलीकडे नोरिन घरात उकिडवी बसून डोळे पुसत होती. जोलीनने मूठ सोडली, उभी राहिली आणि पोट धरून हसली. दगड अजून जागचा हललेला नव्हता, त्यामुळे पुन्हा सुरुवात करायची मोकळीक होती. हसून झाल्यावर ती खाली बसली तेव्हा खांदे सैल झाले होते. गुडघा बर्फावरून घसरत गेला, आणि बोटांतून दगड असा सुटला की सोडल्याचं तिलाच कळलं नाही.

"सोडा," नोरिन पलीकडून म्हणाली. "सोडा, सोडा... थोडं घासा. बास. आता घासा! घासा!"

दोघी जणी झाडूवर आडव्या झाल्या. दगड आडव्या दगडांच्या बाजूने वळला, मंद झाला, स्वीडनच्या दगडाला अगदी अंग न लावता पुढे सरकला आणि थांबला. मोजपट्टीची गरज पडली नाही. नोरिन दोन्ही हात वर करून धावत आली आणि जोलीनवर आदळली, दोघी घसरून पडल्या.

इकडे हे चाललं होतं तेव्हा चौथ्या पट्टीवर एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती, आणि ती जोलीनला अर्ध्या तासाने कळली.

पेट्राने आरोळी ठोकली त्या वेळी कर्टिसच्या संघाचा दगड वाटेत होता. दगडाचा वेग छान होता, घासायची अजिबात गरज नव्हती, कर्टिस पलीकडून नुसते तळवे दाखवून "नको, नको" म्हणून खुणावत होता. पण त्याच्या दोघा झाडूवाल्यांच्या कानांवर "घासा, जोर लावून" आलं, आणि त्यांनी जन्मभराच्या सवयीने माना खाली घालून बर्फ असा घासला की दगड घराच्या मधून सरळ पलीकडे निघून गेला. मॅनिटोबाने त्या डावात तीन गुण घेतले, आणि सामनाही.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर कर्टिस बोयड नावाच्या आपल्या झाडूवाल्याला विचारत होता. "मी नको म्हणत होतो ना?"

"मला घासा ऐकू आलं."

"बाईचा आवाज होता तो, बोयड."

"तो बाईचा आवाज आहे असं तू कसं म्हणतोस?" बोयड म्हणाला. आणि तेवढ्यात मागून पेट्रा आली.

तिच्या खांद्यावर टिली झोपलेली होती. पेट्राचा चेहरा पांढरा पडला होता. तिला कळलं होतं. "कर्टिस," ती म्हणाली, "मी पंचांशी बोलते. त्यांना सांगते मी काय केलं ते."

"काय सांगणार? की प्रेक्षकांतून आवाज आला? प्रेक्षक ओरडायलाच येतात."

"मी प्रेक्षक नाही. मला कळायला हवं होतं. तुझा उपांत्य सामना गेला माझ्यामुळे."

कर्टिसने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपलेल्या पोरीकडे, मग पलीकडे नोरिनच्या गळ्यात हात टाकून येणाऱ्या जोलीनकडे. हरल्याचं त्याला लागलं होतं. असल्या स्पर्धेत इतक्या पुढे तो पहिल्यांदाच आला होता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि हसायला लागला.

"बायको जिंकली, मी हरलो, पोरगी झोपली," तो म्हणाला. "आमच्या घरी रोज असंच असतं."

रात्रीचं जेवण क्लबच्या लांब टेबलावर झालं: पेरोगी, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या आणि कांद्यात परतलेल्या करंज्या, वर आंबट साय. रस्ता बंद म्हणून सगळेच संघ तिथे होते. जोलीन पेट्राच्या शेजारी बसली.

"रेडिओवर तुम्ही जे बोललात," जोलीन म्हणाली.

"हं."

"मला लागलं ते."

"लागणारच." पेट्राने काटा खाली ठेवला. "मी बत्तीस वर्षांची होते तेव्हा बाबांना झटका आला. दीड हंगाम मी त्यांच्यापाशी राहिले. परत गेले तेव्हा माझ्या संघाने नवी जाकिटं शिवली होती. माझ्या नावाचं नव्हतं त्यात. कुणी वाईट नव्हतं गं, त्या थांबल्या नाहीत इतकंच. मग नव्या मुली जमवून पहिल्यापासून सुरुवात केली. पण पुढे कित्येक वर्षं दगड टाकताना माझं अर्धं लक्ष मागे असायचं, अजून कोण आपली जागा घेतंय म्हणून." तिने नोरिनकडे मानेने खूण केली. नोरिन टेबलाच्या त्या टोकाला बसून सगळ्यांना पेट्राच्या आरोळीची नक्कल करून दाखवत होती. "तुलाही तसंच होणार असं मला वाटलं. म्हणून बोलले. पण ती तुझी जागा राखून बसली होती. तुझ्या ते लक्षात आलंय का, मला माहीत नाही."

जोलीन नोरिनकडे बघत राहिली. घासूनपुसून ठेवलंय, असं ती म्हणाली होती. जोलीनने त्यातला टोमणाच तेवढा ऐकला होता.

"म्हणजे मी चुकले," पेट्रा म्हणाली. "रेडिओवाल्याला फोन करून सांगणार नाही मात्र."

रविवारी वारा पडला, रस्ता उघडला आणि आयरिस दोन्ही पाई घेऊन हजर झाली. आता टिलीला आजी होती, रिकामा बाप होता. पेट्राला थांबायचं काही कारण नव्हतं. तरी ती सकाळी दारापाशी पिशवी घेऊन घुटमळत होती, रस्त्याची खात्री करतेय म्हणून.

"आमच्या बाकावर कुणी नाहीये," जोलीन तिला म्हणाली. "आमचा प्रशिक्षक अजून रेजायना शहरात अडकलाय. बसाल?"

पेट्राने नोरिनकडे पाहिलं.

"बसा," नोरिन म्हणाली. "फक्त ओरडू नका."

अंतिम सामना स्कॉटलंडच्या संघाशी झाला, आणि छान झाला. जोलीनने वर एकदाही पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, टिलीने आजीच्या चष्म्याला हात घातलेला दिसला, आणि ती पुढच्या दगडाकडे वळली. शेवटच्या डावात एक गुण कमी असताना तिने खेळ थांबवून बाकाकडे सल्ला मागितला. पेट्रा म्हणाली, समोरचा दगड उडवून लाव. नोरिन म्हणाली, उडवू नको, बाजूने वळवून आत ने. जोलीनने दोघींचं ऐकून घेतलं, बर्फाकडे एकदा पाहिलं आणि नोरिनच्या बाजूने कौल दिला. दगड छान वळला, छान आत गेला, आणि स्कॉटलंडच्या दगडापेक्षा नखभर मागे थांबला. मोजपट्टी आणावी लागली. नखभराने हार.

स्कॉटलंडच्या मुलींनी पेय पाजलं. टेबलाभोवती आयरिसची पाई वाटली गेली, जांभळ्या बेरीची, दोन्ही ताटं रिकामी होईपर्यंत. मग कर्टिस सामान गाडीत भरायला गेला. गाडी गरम होईपर्यंत तो दोनदा आत आला, बायको कुठे दिसेना. तिसऱ्यांदा तो बर्फाच्या पट्ट्या दिसतात त्या काचेपाशी गेला.

तिसऱ्या पट्टीच्या टोकाला तिघी उभ्या होत्या. पेट्राच्या खांद्यावर टिली झोपलेली, नोरिन झाडूच्या टोकाने बर्फावर रेघ ओढून दाखवत होती.

"इथून वळला तो," नोरिन म्हणत होती. "दिशा बरोबरच होती. घासणं एका पावलाने उशिरा सुरू झालं, बस."

"दिशाच चूक होती," पेट्रा म्हणाली. "उडवायला हवा होता. मी सांगितलं होतं."

"उडवला असता तर मागचा दगड तसाच राहिला असता," जोलीन म्हणाली. "मी पाहिलं होतं ना. तो बघा, इथे होता."

"तिथे नव्हता. अजून हातभर डावीकडे."

"मी टाकत होते, पेट्रा. मला माहीत आहे कुठे होता तो."

"आणि मी बघत होते."

कर्टिसने काचेवर टकटक केलं आणि बाहेरच्या गाडीकडे बोट दाखवलं. जोलीनने त्याला हाताने थांब म्हणून खूण केली आणि नोरिनच्या हातातला झाडू घेऊन दगड खरोखर कुठे होता ते दाखवायला खाली वाकली.